बेस गिटारला ऑनबोर्ड प्रीअँप बसवू की आधी पिकअप बदलू? नवरात्राच्या आत, बजेट २० हजार

खालचा_सा (बडोदा)

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय. बेस चार तारांचा, पी-जे पिकअपवाला (तारेचा कंप विजेत बदलतं ते पिकअप; एक पी प्रकारचं, एक जे प्रकारचं), पूर्ण पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी-सर्किट काही नाही. गळा (नेक) हाताला छान बसलाय आणि पहिल्या बोनसमधून घेतलेला आहे, त्यामुळे विकायचा नाही. "नवा घे" हा सल्ला कृपया नको.

घरी छोट्या अँपवर आवाज गोड येतो. मैदानावर मात्र गोधडीखाली ठेवल्यासारखा. खाली नुसती गडगड असते, सूर कुठला लागला ते समोर उभ्या माणसाला कळत नाही. गेल्या वर्षी एका रात्री मला ताप होता, म्हणून दुसऱ्या ग्रुपमधला मित्र माझ्या जागी बसला. त्याचा बेस अ‍ॅक्टिव्ह. म्हणजे आत बॅटरीवरचा प्रीअँप, सिग्नल सावरून देणारं छोटं सर्किट. चॅनल तोच, स्पीकर तेच, साउंडवालाही तोच. मी मागे खुर्चीत बसून ऐकत होतो आणि त्याचा एकेक सूर सुटा ऐकू येत होता. तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

दुसरी तक्रार: जे पिकअप उघडलं की भुणभुण. स्टेजचे लाइट लागले की आणखी वाढते.

तर आधी प्रीअँप की आधी पिकअप? दोन बँड (खालचा आणि वरचा आवाज) की तीन (मधला, म्हणजे मिडही)? ९ व्होल्ट की १८? ईएमजी कंपनीचा बॅटरीवर चालणारा पी-जे पिकअपचा संच घेऊन एका दगडात दोन पक्षी मारावेत का?

राजवाडा_५६ (इंदूर)

प्रीअँप. डोळे झाकून. आणि तीन बँडचाच घे, मिड हवाच.

मी पंधरा वर्षं लग्नांत आणि ऑर्केस्ट्रात वाजवतोय. पॅसिव्ह बेसचा टोन नॉब फक्त काढून घेतो, देत काही नाही. साउंडवाला शंभर फुटांवर बसलेला असतो, त्याचं लक्ष गायकाच्या माइकवर. तुझ्या आवाजाचं पोट, म्हणजे त्याचा भरणा, तुझ्याच हातात हवं. मी अ‍ॅग्विलारचा ओबीपी-३ प्रीअँप वापरतो. त्याच्या मिडला ४०० आणि ८०० हर्ट्झ असे दोन पर्याय आहेत. हॉलमध्ये ४००, उघड्यावर ८००. एवढ्यावर माझी गाडी चालते.

पुणेरी_स्लॅप

वरच्याला अनुमोदन. आणि १८ व्होल्टच कर, आवाज दुप्पट होतो. बेसवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस ऐका, त्यात गिटार बनवणाऱ्या रॉजर सॅडोव्स्कीने प्रीअँप बसवून दिला होता. तो आवाज पॅसिव्हमधून निघणं शक्यच नाही.

सोल्डरगन (बडोदा, मकरपुरा)

१८ व्होल्टने आवाज दुप्पट होत नाही. जोरात झटका मारला की सिग्नलचं टोक प्रीअँपच्या छताला आपटतं आणि फाटतं; १८ व्होल्टला ते छत वर जातं, एवढंच. स्लॅप करणाऱ्याला (अंगठ्याने तार ठोकणाऱ्याला), बेस भरपूर बूस्ट करणाऱ्याला उपयोग. बोटांनी गरबा वाजवणाऱ्याला ९ पुरतात, शिवाय दुसऱ्या बॅटरीची जागा वाचते.

आता खालचा_सा, तुझ्या भुणभुणीबद्दल. पी पिकअपचे दोन तुकडे असतात, १९५७ पासून फेंडर कंपनीने ते तसे केले. दोन्हींची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा एकमेकांच्या उलट, त्यामुळे बाहेरची भुणभुण आपापसात कटते आणि तारेचा आवाज मात्र जुळतो. जॅझ बेसवर दोन जे पिकअप असतात, ती दोन्ही पूर्ण उघडली की तीही अशीच एकमेकांची भुणभुण खातात. पी-जे बेसवरच्या एकट्या जेला जोडीदारच नाही. म्हणून ते उघडलं की घरघर येणारच. त्यात तुझा बेस बिघडलेला नाही.

एक परीक्षा कर. आवाज येत असताना तारांना हात लाव. कमी झाला तर अर्थिंगची वायर ठीक आहे आणि आतलं शील्डिंग (बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं अस्तर) कमी पडतंय. वाढला तर वायरिंग उलटं झालंय. काय होतं ते सांग, मग पुढचं बोलू.

दांडियाबाजार

अरे, परीक्षा करण्याआधी टेस्टर घे हातात. मैदानावर जनरेटर, लांबलचक वायरी आणि टू-पिन प्लग लावलेले अँप असतात. तारांवर बोट आणि ओठ माइकला, असा झटका मी स्वतः खाल्लेला आहे. साल आठवत नाही, दुखणं आठवतं. बेसच्या ब्रिजला आणि माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघायचा, दिवा पेटला तर वाजवायचंच नाही. पिकअप पुढच्या वर्षीही बदलता येईल.

बाकी, बेसवादक जेम्स जेमर्सनने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं एवढं काम प्रिसिजन, म्हणजे पी पिकअपवाल्या बेसवर केलं. पॅसिव्ह, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, बॅटरीचं नाव नाही. जाको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बेससुद्धा पॅसिव्हच. तेव्हा "शक्यच नाही" हा शब्द जपून वापरा, पुणेकर.

पुणेरी_स्लॅप

काका, मी मार्कस मिलरच्या आवाजाबद्दल बोलत होतो, जाकोला हात लावला नाही 🙏 १८ व्होल्टचं सोल्डरगन म्हणतात ते मान्य.

मंद्रसप्तक (ग्वाल्हेर)

मी मूळची गाणारी, बेस नंतर धरला. एक विचारू का? तारा कधी बदलल्या?

आमच्या गुरुजींकडे तंबोऱ्याचा आवाज बसला की कोणी भोपळ्याला दोष देत नसे. आधी तारा पुसायच्या, मग जवारीचा धागा (घोडीवर तारेखाली असतो तो) सरकवून बघायचा, तरी नाही झालं तर जवारी काढायला द्यायची. खर्जाची तार बोलते ती तिच्यातल्या वरच्या स्वरांमुळे. ते मेले की नुसता घुमारा उरतो आणि सुराची जागा सापडत नाही. तुम्ही "गोधडीखाली" म्हणालात, तेव्हा मला हेच आठवलं. राउंडवाउंड तारांच्या वळशांत घाम-मळ भरला की त्याही अशाच मुक्या होतात. महागडं पिकअप मेलेल्या तारेला जिवंत करू शकत नाही, कारण जे तारेत नाही ते त्याला ऐकू कुठून येणार?

फ्रेटलेस (बडोदा)

मंद्रसप्तक ताई, हे आमच्या सुरसागरच्या कॉलेजात भिंतीवर लिहून लावायला हवं. तिथे १८८६ पासून गाणं शिकवतात, पण बेसच्या तारा बदला म्हणून मला कोणी सांगितलं नव्हतं.

अ‍ॅक्टिव्हवाल्यांसाठी माझा अनुभव. दोन वर्षांपूर्वी सातव्या रात्री शेवटच्या गरब्यात माझा आवाज आधी चिरकला, मग बारीक झाला आणि गेला. बॅटरी. खिशात दुसरी होती, पण डबा उघडायला चार स्क्रू आणि माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर नाही. रात्री बाराला माइक बंद करायचे असतात, तिथे कोण थांबणार? आरतीला मी नुसती टाळ्या वाजवत उभी होते. प्रीअँप बसवलात तर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह स्विच असलेलाच बसवा, आणि बॅटरीचा डबा बोटाने उघडणारा. केबल लावून ठेवली की बॅटरी एका रात्रीत संपते, हेही मी तेव्हाच शिकले.

सोल्डरगन

पहिल्या दोन्ही सूचनांना शंभर टक्के पाठिंबा. शेवटच्या वाक्याबद्दल थोडं. केबल खोचली की जॅकमधून बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, हे खरं. पण हिशेब कर: चांगल्या अल्कलाइन ९ व्होल्ट बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. प्रीअँप अर्धा मिलिअँपिअर खात असेल तर हजार तास झाले, म्हणजे सलग चाळीस दिवस. एका रात्रीत ती मरत नाही. प्रीअँपवर एलईडी असेल आणि तो पाच मिलिअँपिअर घेत असेल तर मात्र शंभरच तास. तुझी बॅटरी बहुतेक आधीच वर्षभर जुनी असणार. नवरात्राच्या पहिल्या दिवशी नवी घालायची, विषय संपला.

फ्रेटलेस

वर्षभर नाही, दीड वर्ष 😄 पटलं.

खालचा_सा

सगळ्यांचे आभार. काल रात्री बेस उघडला.

तारांना हात लावला की आवाज कमी होतो, पण पूर्ण जात नाही. आत काळा रंग फासलेला आहे, फॉइल नाही. टेस्टर लावला, घरी तरी दिवा पेटत नाही. तारा… दोन नवरात्रं झाली. ताई, तुमचा नेम बरोबर बसला.

म्हणजे फॉइल लावलं तर जेची भुणभुण जाईल का? मग नवं पिकअप कशाला?

सोल्डरगन

अर्धी जाईल. इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

दोन प्रकारचे त्रास आहेत. एक चरचर: लाइटचे डिमर, एलईडीचे सप्लाय, मोबाइलचे चार्जर यांच्याकडून हवेतून येणारी. ती वायरिंगला चिकटते. तांब्याचं फॉइल लावून ते ग्राउंडला जोडलं की ती बरीच थांबते. दुसरी ५० हर्ट्झची घुमणारी भुणभुण: ट्रान्सफॉर्मर आणि जाड वायरींच्या चुंबकीय क्षेत्राची. तिला फॉइलची भिंत म्हणजे जाळीची खिडकी, सरळ आरपार येते. तिच्यावर उपाय एकच, आत दोन उलट गुंडाळ्या असलेलं पिकअप. डिमार्झिओचं मॉडेल जे, सीमोर डंकनचं एसटीके, असे पर्याय जेच्याच आकारात मिळतात. ईएमजीही शांत असतात.

फॉइल लावताना: स्वस्त फॉइलचा गोंद वीज नेत नाही, म्हणून दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे सोल्डरचा ठिपका दे. मल्टीमीटरने एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत बीप वाजते का बघ. आणि जॅकचं गरम टोक फॉइलला टेकत नाही ना, तेही, नाहीतर बेस मुकाच होईल.

ईएमजीबद्दल: चांगली आहेत, जोडायला सोल्डर लागत नाही. पण त्यांच्याबरोबर २५ किलोओमचे पॉट (नॉबखालचे बदलते रोध) येतात. तुझं पी जुनं पॅसिव्ह ठेवून जे ईएमजीचं, असं मिश्रण करू नकोस. पॅसिव्हला २५ किलोओमचा पॉट दिलास तर सगळी धार जाते, त्याला २५० लागतो. घ्यायचा तर पूर्ण संच.

राजवाडा_५६

सगळं छान. पण पोराचा मुख्य प्रश्न भुणभुणीचा नव्हता. मित्राचा बेस का ऐकू आला आणि याचा का नाही? तुम्ही तारा म्हणालात, मान्य. पण तारा नव्या होत्या तेव्हाही मैदानावर असंच होतं का, हे विचारा. माझं उत्तर अजूनही प्रीअँप.

दांडियाबाजार

हे इंदूरकर पोह्यांवर शेव टाकतात तसा प्रत्येक गोष्टीवर प्रीअँप टाकतात.

राजवाडा_५६

काका, तुम्ही सेव-उसळीच्या गावचे, शेवेवरून आम्हाला बोलू नये.

साउंडडेस्क

उशिरा आलो, पण धागा पूर्ण वाचला. मी साउंडचंच काम करतो, मोठ्या मैदानांवरही केलंय. इतक्या प्रतिसादांत हे कोणी विचारलंच नाही: खालचा_सा, तुमच्या बेसची केबल स्टेजवर नक्की कशात जाते? अँप असतो का? डीआय बॉक्स, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला झेपेल असा करून देणारा डबा?

खालचा_सा

अँप नसतो, जागाच नसते. साउंडवाले दादा एक केबल देतात, एका बाजूला आपली नेहमीची जाड पिन, दुसऱ्या बाजूला माइकसारखं एक्सएलआर. ते सरळ स्नेकमध्ये, म्हणजे स्टेजवरून मिक्सरकडे जाणाऱ्या जाड केबलमध्ये. डीआय कधी पाहिला नाही. आणि राजवाडा दादा, पहिल्या वर्षी तारा नव्या होत्या. तेव्हाही असंच होतं.

साउंडडेस्क

मग सापडलं.

पॅसिव्ह पिकअप म्हणजे तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्याला समोर खूप मोठा रोध लागतो, अँपचा किंवा चांगल्या डीआयचा दहा लाख ओमच्या आसपास असतो. मिक्सरच्या माइक इनपुटचा असतो साधारण दोन हजार. समजा पिकअपचं इंडक्टन्स पाच हेन्री धरलं, तर १००० हर्ट्झला त्याचा स्वतःचाच अडथळा एकतीस हजार ओमचा होतो. एकतीस हजार आत अडतात आणि बाहेर झेलायला दोनच हजार. स्वर जितका वरचा तितकं नुकसान जास्त. उरतो फक्त खालचा घुमारा. घरच्या अँपवर गोड आणि मैदानावर गोधडी, याचं कारण हेच.

मित्राच्या बेसमध्ये प्रीअँप आहे. तो बाहेर पडतानाच सिग्नल कमी रोधाचा करून देतो, मग माइक इनपुटही त्याला फारसं दाबू शकत नाही. म्हणजे राजवाडा यांचा इलाज लागू पडला असता, कारण मात्र त्यांनी सांगितलं ते नव्हे. बूस्टमुळे नव्हे, बफरमुळे.

हेच काम बेसमध्ये एक भोक न पाडता अ‍ॅक्टिव्ह डीआय करतो. तो स्वतः विकत घ्या आणि बॅगेत ठेवा. साउंडवाल्याला सांगा, डीआय फँटमवर (मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या ४८ व्होल्टवर) चालत असेल तर फँटम चालू. आणि उद्या अ‍ॅक्टिव्ह बेस त्या साध्या केबलने सरळ स्नेकला लावलात तर फँटम बंद, ते ४८ व्होल्ट तुमच्या प्रीअँपच्या तोंडात जाऊ शकतात.

सोल्डरगन

साष्टांग नमस्कार. मी बेसच्या आत शोधत बसलो आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला कोणी बघितलं नाही. ओमचं गणित मला करायला हवं होतं.

राजवाडा_५६

कारण चुकलं असेल, औषध बरोबर होतं ना? तरीही साउंडडेस्क यांचं पटलं. मी कायम माझा डीआय नेतो, त्यामुळे हे लक्षातच आलं नाही.

पण माझा एक मुद्दा सोडत नाही. गरबा संथ सुरू होतो, मग हींच (गरब्याचा ठेका) येते, मग लय चढत जाते. तेव्हा ढोल आणि किक मिळून ६० ते १०० हर्ट्झचा सगळा पट्टा व्यापतात. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची आहे, तिथे आणखी बूस्ट दिलास तर ढोलातच मिसळशील. तेव्हा बेस थोडा कमी आणि मिड वर, तेही गाणं न थांबवता. जमिनीवरच्या डीआयकडे वाकायला त्या वेळी कोण मोकळं असतं? नॉब हाताखालीच हवा.

साउंडडेस्क

बेस कमी, मिड वर: यावर सही करतो. नव्वद टक्के वादक उलट करतात आणि मला मिक्सरवर त्यांचा खालचा पट्टा कापावा लागतो.

फ्रेटलेस

पिकअपची उंचीही बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तारेत दोन-तीन मिलिमीटर ठेवायचे. माझं फार वर होतं, वरच्या सुरांवर चुंबक तारेला ओढायचं आणि सूर डळमळायचा. स्क्रूड्रायव्हर सोडून खर्च शून्य.

सोल्डरगन

आणि जे मागवण्याआधी मोजून घे. जे पिकअप आखूड आणि लांब अशा दोन मापांत येतं, फरक फक्त तीनेक मिलिमीटरचा, पण तेवढ्याने खोबणीत बसत नाही. बाहेरून मागवलंस तर परत पाठवण्यात दम निघेल.

खालचा_सा

पाच आठवड्यांनी परत येतोय. मधे गणपती होते, आणि मला खरं सांगण्यासारखं काही हातात येईपर्यंत लिहायचं नव्हतं.

आधी फक्त डीआय घेतला, बाकी काही न बदलता. साउंडवाले दादांना विनंती करून एका दुपारी गोडाऊनमध्ये तोच मिक्सर लावला. एका चॅनलला जुनी केबल, दुसऱ्याला डीआय. त्याच जुन्या तारा, तीच पिकअप. पहिला सूर वाजवला आणि दादांनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. सहा वर्षं मी माझ्या बेसला दोष देत होतो, त्याची क्षमा मागितली मनातल्या मनात. दादांनी आता ती केबलच बाजूला काढून ठेवली आहे.

मग तारा. मग एका रविवारी सोल्डरगन यांच्या घरी फॉइल. चरचर जवळजवळ गेली, भुणभुण होती तशीच, अगदी त्यांनी लिहिलं तसं. म्हणून डिमार्झिओचं मॉडेल जे बसवलं, लांब माप. लावल्यावर एकटं जे शांत, एकटं पी शांत, आणि दोन्ही उघडली की आवाज पातळ, पोट गायब. मी घाबरलो. सोल्डरगन म्हणाले फेज उलटी झालीय (दोन्ही पिकअप एकमेकांचा आवाज कापतायत), जेच्या दोन वायरी अदलाबदल कर. दहा मिनिटांचं काम, पोट परत आलं. कोणाला असं झालं तर पिकअप खराब आहे असं समजू नका.

गणपतीत आमच्या दांडिया बाजारच्या मंडळात वाजवलं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी मित्र त्याचा अ‍ॅक्टिव्ह बेस घेऊन आला, दोन्ही आलटून पालटून त्याच डीआयमधून लावले. त्याच्यात वरची चमक जास्त आहे. पण सूर आता दोघांचाही सुटा ऐकू येतो, हे तिथे खुर्च्या लावणाऱ्या पोरांनीही सांगितलं. २० हजारांतले थोडे उरलेत.

मंद्रसप्तक

फार आनंद झाला. आता दर नवरात्राला तारा नव्या, एवढं माझ्यासाठी करा.

दांडियाबाजार

मंडळात मी होतो, मागच्या रांगेत. आरतीनंतर जे वाजवलंस त्यात बेस वेगळा कळत होता. टेस्टर लावला होतास ना?

खालचा_सा

लावला होता काका, ब्रिजला आणि माइकला, दोन्ही वेळा. आणि ताई, नक्की.

राजवाडा दादा, एक कबूल करतो. चढत्या लयीत मला मिड वर करावासा वाटला आणि डीआय पायाशी होता. वाकलो असतो तर हींचेचा ठेका सुटला असता. तेवढ्यासाठी तुमचं म्हणणं खरं निघालं. नवरात्र आहे असंच वाजवतो, प्रीअँपचं दिवाळीनंतर बघेन.

राजवाडा_५६

कप्प्याची खोली किती आहे, पॉट धरून? आणि बॅटरीला जागा? माझ्याकडे जुन्या बेसमधून काढलेला एक तीन बँडचा पडलाय, स्विचसकट. बसत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.

खालचा_सा

कप्पा ३८ मिलिमीटर खोल. बॅटरी पॉटशेजारी आडवी बसते, मी आत्ताच ठेवून बघितली, झाकण लागतं. भाऊबीजेला ताईकडे इंदूरला येतोच आहे, बेस बरोबर आणतो.

राजवाडा_५६

सोल्डरिंग माझ्याकडे आहे. बॅटरी नवी आण.